नाव सोडा, आकडे धरा : जुन्या स्पोर्ट्स कारला परवडणारे टायर

वापरलेली स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांचा हिशेब बहुधा एकाच ठिकाणी चुकतो. दहा-बारा वर्षांत बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी किंवा पोर्श केमन यांची किंमत पार उतरते. त्यांच्या टायरची उतरत नाही. गाडी जुन्याच्या भावात दारात येते आणि टायर मात्र नव्याच्या भावातच घ्यावे लागतात. पहिले दरपत्रक हाती पडले की प्रश्नांची रांग लागते. कंपनीने बसवून दिलेल्याच ब्रँडचे टायर घ्यायला हवेत का? निम्म्या किमतीचे चालतील का? चाके लहान करावीत का? मागचे दोनच बदलले तर? शोरूमवाला एक सांगतो, टायरवाला दुसरे आणि सोसायटीतला जाणकार तिसरेच.

या सगळ्यांना एकच कसोटी लावता येते. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेले आकडे तुम्हाला बांधून ठेवतात, त्याने निवडलेला ब्रँड ठेवत नाही. आकड्यांच्या चौकटीत राहून काटकसर करायची असेल तर टायरच्या किमतीत नेमके कशाकशाचे पैसे धरलेले असतात ते पाहावे, आणि जे गुण तुम्ही कधीच वापरणार नाही त्यांचे पैसे द्यायचे थांबवावे. पुढचे सगळे विवेचन याच एका मुद्द्याचे आहे.

आधी दाराची पट्टी वाचा

बहुतेक जण घासलेल्या टायरवरचा मजकूर वाचून दुकानात फोन करतात. ही पहिली चूक. तो टायर आधीच्या मालकाने काय म्हणून घातला असेल याचा भरवसा नाही. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाआड एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर गाडीला मान्य असलेले साइझ आणि हवेचे दाब दिलेले असतात आणि बऱ्याचदा एकाहून अधिक साइझ असतात. गाडीच्या पुस्तिकेत हीच माहिती सविस्तर मिळते. खरे आकडे तेच.

२००९ ते २०१६ या काळातल्या झेड४चे उदाहरण घेऊ. १८ इंची चाकांवर तिला पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २५५/३५ आर१८ असे टायर येतात. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. १८ हा रिमचा इंचांतला व्यास. त्यापुढे ‘८८ डब्ल्यू’ असे काहीतरी असते आणि लोक नेमके तेच वाचायचे सोडतात. ८८ हा भारांक आहे: त्या टायरने ५६० किलो पेलायचे. ९० म्हणजे ६०० किलो, ९२ म्हणजे ६३० किलो. अक्षर वेगाचे आहे: व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. सोबत ‘एक्सएल’ असेल तर टायर जादा भाराचा आहे, मात्र तो भार पेलण्यासाठी त्यात हवाही जास्त लागते.

इथे हमखास आक्षेप येतो. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ताशी १२० किमी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १००. मग २७० किमीचा टायर घेऊन करायचे काय? आक्षेप रास्त वाटतो, पण ते अक्षर केवळ वेगाचा परवाना नसते. भार घेऊन सतत धावताना टायर किती उष्णता सहन करतो याचे ते माप आहे. मे महिन्याच्या दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास धावणाऱ्या टायरला ती सहनशक्ती लागते. शिवाय गाडीचे सस्पेन्शन आणि स्थिरता राखणारी यंत्रणा तशाच ताठ टायरचा विचार करून जुळवलेली असते. त्यामुळे पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा खालचे अक्षर वा आकडा घेऊ नका. मात्र बचतीची एक जागा याच वाक्यात आहे. घासलेल्या टायरवर वाय असेल आणि पुस्तिका डब्ल्यू मागत असेल, तर डब्ल्यू पुरेसा आहे. वरच्या अक्षराचा आग्रह दुकानदाराचा असू शकतो, गाडीचा नसतो.

कशाचे पैसे सोडता येतात

पहिले, गाडीच्या कंपनीचे चिन्ह. बीएमडब्ल्यूसाठी मान्य केलेल्या टायरवर तारा असतो, पोर्शसाठी ‘एन’ आणि एक आकडा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’. हे चिन्ह पोकळ नसते. गाडी बनवणाऱ्याने टायर कंपनीबरोबर बसून त्या गाडीपुरती रबराची आणि बांधणीची जुळणी केलेली असते. पोर्श तर एन चिन्हाचाच टायर वापरा असे आग्रहाने सांगते. तरीही वॉरंटी संपलेल्या, रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला त्याच साइझचा, तेवढ्याच भारांकाचा आणि चांगल्या दर्जाचा बिनचिन्हाचा टायर बसवण्यात मला धोका दिसत नाही. फरक जाणवला तर तो वळणावरच्या स्टिअरिंगच्या बारीक जाणिवेत किंवा आवाजात जाणवेल. दोन अटी मात्र पाळा. एकाच ॲक्सलवर चिन्हाचा एक आणि बिनचिन्हाचा एक अशी जोडी लावू नका, आणि शक्यतो चारही टायर एकाच मॉडेलचे घ्या. गाडीवर कंपनीची वाढीव वॉरंटी अजून चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचा.

दुसरे, रनफ्लॅट. झेड४सारख्या गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर झाले तरी ठरावीक अंतर कमी वेगाने जाता यावे म्हणून टायरच्या बाजू जाड आणि ताठ केलेल्या असतात. त्या ताठपणाचे जादा पैसे पडतात आणि आपल्या रस्त्यांवर पाठीचे हालही होतात. साधे टायर घालून सोबत हवेचा पंप आणि पंक्चर किट ठेवणे हा स्वस्त पर्याय आहे. भारतात २०२०च्या नियमबदलानंतर टायरमधल्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही, म्हणजे व्यवस्था म्हणून हा मार्ग सर्वमान्य आहे. पण त्याची मर्यादाही ओळखून घ्या. किटमधल्या चिकाने खिळ्याचे भोक बुजते, खड्ड्याने फाटलेली टायरची बाजू बुजत नाही. रात्री-अपरात्री एकट्याने घाट ओलांडणाऱ्याने रनफ्लॅटचे पैसे वाचवण्याआधी दोनदा विचार करावा. शहरात आणि रविवारी सकाळी गाडी काढणाऱ्याने ते खुशाल वाचवावेत.

तिसरे, ट्रॅकवरची पकड. टायरवर अमेरिकी पद्धतीचा ‘ट्रेडवेअर’ आकडा असतो. २००च्या आसपासचे टायर मऊ, चिकट आणि लवकर झिजणारे, ३००-४००चे रस्त्यासाठीचे, त्याहून वरचे अधिक टिकाऊ. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून तो एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायलाच कामाला येतो. वर्षातून एखाद्या वेळीही ट्रॅकवर जात नसाल तर २००चा टायर हा निव्वळ हौसेचा खर्च आहे.

चौथे, टिकाऊपणा. हा मुद्दा वाचकांना सर्वांत उफराटा वाटेल. काटकसरी माणूस टिकाऊ टायर शोधतो, आणि रोजच्या गाडीसाठी ते बरोबरच आहे. स्पोर्ट्स कार मात्र बहुतेकांकडे दुसरी किंवा तिसरी गाडी असते. समजा ती वर्षाला ३,००० किलोमीटर चालते. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर वापरू नये, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. गाडी बनवणारे तर बहुधा सहा वर्षांचीच मुदत देतात. सहा वर्षे धरली तर तुमचा टायर वयाने बाद होईपर्यंत १८,००० किलोमीटर धावला. तुम्ही ४०,००० किलोमीटर टिकणारा कडक टायर घेतला असेल तर उरलेल्या २२,००० किलोमीटरचे पैसे पाण्यात गेले, आणि त्या कडकपणापायी सहा पावसाळे पकड कमी मिळाली ती वेगळीच. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा हिशेब किलोमीटरमागे न करता वर्षामागे करा. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवत असाल तर हाच हिशेब उलटा होतो आणि टिकाऊ टायरच स्वस्त पडतो. तेव्हा दुकानात शिरण्याआधी स्वतःचा वर्षाचा आकडा खरेपणाने काढा. सर्व्हिसच्या बिलांवर तो लिहिलेला असतो.

जिथे हात आखडू नये

ओल्या रस्त्यावर थांबणे ही एकच गोष्ट अशी आहे की ती प्रत्येकजण वापरतो, ट्रॅकवर जाणारा आणि दूध आणायला जाणाराही. जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना दरवर्षी टायरच्या चाचण्या घेते. अशा चाचण्यांत अगदी स्वस्त, अनोळखी टायर कोरड्या रस्त्यावर बरेचदा निभावून नेतात आणि ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगला मार खातात. रुंद टायरच्या बाबतीत हा धोका वाढतो, कारण रुंद पट्ट्याखालून पाणी बाजूला सारायला नक्षी खोल लागते. ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगू लागतो. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांमधले ‘टीडब्ल्यूआय’ खुणेचे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की ती मर्यादा आली. पण कोकणातल्या पावसात रुंद टायरची गाडी चालवायची असेल तर ३ मिलिमीटरलाच टायर बदलायच्या तयारीला लागा. गोटा झालेल्या टायरवर जूनचा पहिला पाऊस गाठणे म्हणजे नशिबाची परीक्षा.

युरोपातून आलेल्या टायरवर लेबल असेल तर त्यावरचे ओल्या पकडीचे अक्षर पाहा. ए सर्वांत चांगले, ई सर्वांत कमी. आपल्याकडच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांचा भर इंधनबचतीवर आहे. ते तारे पाहून पकडीचा अंदाज बांधू नका. आणखी एक सावधगिरी: परदेशी चाचणीत पहिला आलेला टायर आणि त्याच नावाने इथे मिळणारा टायर यांची बांधणी वेगळी असू शकते. साइझ, भारांक, अक्षर आणि बनवल्याचा देश जुळतो का ते बघूनच त्या निकालावर विसंबा.

परदेशातल्या वाचकांपुरते एक वाक्य. उन्हाळी स्पोर्ट्स टायर तापमान ७ अंशांच्या खाली गेले की कडक पडू लागतात. जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तरेला राहत असाल तर हिवाळ्यासाठी वेगळा संच धरूनच हिशेब मांडा.

बाजारात काय मिळते

आपल्याकडचा भाव समजून घ्यायचा तर १२ जून २०२० ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात ‘प्रतिबंधित’ गटात टाकली. तेव्हापासून आयातीला परवाना लागू लागला. सर्वांत जास्त अडले ते स्पोर्ट्स कारवाल्यांचे, कारण रुंद आणि कमी उंचीचे टायर मुख्यतः बाहेरूनच येत होते. दुसरीकडे भारतीय उत्पादक या साइझमध्ये उतरू लागले. अपोलोकडे मूळचा डच असलेला व्रेडेश्टाइन ब्रँड २००९पासून आहे आणि त्याचे टायर आता भारतात मिळतात. जेके टायरची लेव्हिटास अल्ट्रा आणि सिएटची स्पोर्टड्राइव्ह या मालिका मोठ्या चाकांसाठी आहेत. गंमत अशी की ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूजला आणि सिएटचे नाशिकला व नागपूरजवळ आहेत, तरी पुणेकराला मागच्या रुंद टायरसाठी ताटकळावे लागते. म्हणूनच या मधल्या फळीत तुमचा साइझ आहे का हे आधी विचारा, मगच बड्या विदेशी नावांकडे वळा. ‘देशी टायर स्पोर्ट्स कारला शोभत नाही’ हा आक्षेप शोभेपुरताच आहे. आकडे जुळले आणि ओली पकड चांगली असली की पुरे.

ज्या टायरवर आयएसआय चिन्ह नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक सक्तीचे आहे. ‘बाहेरून आणलाय, बिल नको, निम्म्यात देतो’ या बोलीत चिन्ह, बिल आणि वॉरंटी ही तिन्ही निम्म्यासह गेलेली असतात. जुने वापरलेले टायरही नकोत. नव्याने खोदलेली नक्षी आणि आतून ठिगळ लावलेली बाजू बाहेरून दिसत नाही.

साइझ बदलून बचत

सर्वांत मोठी बचत बहुधा इथे असते. चाकाचा व्यास एक इंचाने उतरवला की टायर स्वस्त होतो आणि सहज मिळतो. अट इतकीच की तो साइझ पट्टीवर किंवा पुस्तिकेत असावा. झेड४ला १७ इंची चाकेही येत होती, पुढे २२५/४५ आर१७. १८ इंची पुढच्या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर, या १७ इंचीचा ६३४. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटरही फसत नाही. २२५/४५ आर१७ हा साइझ सेडान गाड्यांनाही लागतो, म्हणून त्यात निवड भरपूर. टायरची बाजू ९० ऐवजी १०१ मिलिमीटर झाल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही कमी होते. मागचा साइझ इंजिनाप्रमाणे बदलतो आणि मोठ्या ब्रेकवरून लहान रिम घासू शकतो. त्यामुळे कंपनीचीच जुनी १७ इंची चाके घ्या आणि बसवून, फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उलट दिशेने, पट्टीवर नसलेला रुंद टायर दिमाखासाठी घालण्याचा खर्च दुहेरी असतो: टायर महाग, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचना बदलल्याचा प्रश्न वेगळा.

दोनच बदलायचे असतील तर

एका ॲक्सलवरची जोडी एकदमच बदला, आणि नवी जोडी मागे जाते, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते. पुढची सुटली तर ती सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. पुढे-मागे साइझ वेगळे असतील तर अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत, उदाहरणार्थ ऑडी टीटी क्वाट्रोत, चारही टायरची झीज जवळपास सारखी लागते. तिथे दोनच बदलण्याची बचत पुढे यंत्रणेच्या दुरुस्तीत निघून जाऊ शकते.

दुकानात उभे असताना

- बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. क्वचित खपणारे साइझ गोदामात पडून राहतात. वर्षभरापर्यंतचा माल ठीक, दोन वर्षांपुढचा असेल तर सरळ नकार द्या किंवा मोठी सवलत मागा.
- चारही टायरच्या तारखा पाहा, एकाचीच नको.
- बाणाची दिशा आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बरोबर बसली का, ते गाडी जॅकवरून उतरण्याआधी बघा.
- कमी उंचीचे टायर रिमवर चढवताना रिम ओरखडतो आणि आतला दाबाचा सेन्सर तुटतो. ‘सेन्सर आहे’ हे आधी सांगा.
- अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. ती चुकली तर महागातला टायरही आतल्या कडेने काही महिन्यांत खाल्ला जातो.
- नायट्रोजनचे पैसे वाचवा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

बिल, वॉरंटी, विमा

२२ सप्टेंबर २०२५पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तोच दर आहे का पाहा आणि चारही टायरचे क्रमांक बिलावर लिहून घ्या. कंपनीची वॉरंटी निर्मितीतल्या दोषापुरती असते आणि भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते. बाजूला फुगा आला की तो खड्ड्यामुळेच आला असे सांगून दावा बहुधा फेटाळतात. त्याला मान डोलावून परतू नका, तपासणीचा अहवाल लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. विम्याकडून फार अपेक्षा नको: नुसता टायर फुटला तर नेहमीची पॉलिसी काही देत नाही, अपघातात गाडीचेही नुकसान झाले तर टायरच्या खर्चाचा निम्मा भाग मिळतो. टायरसाठीचे वेगळे पूरक संरक्षण घेतले असेल तर गोष्ट निराळी.

भाव विचारायचा पहिला फोन करण्याआधी गाडीचे दार उघडा, पट्टीचा फोटो घ्या, चारही टायरच्या तारखा टिपा आणि गेल्या वर्षी गाडी किती चालली तो आकडा त्याखाली लिहा. दुकानदार ‘बजेट किती?’ विचारेल तेव्हा आधी तो कागद वाचून दाखवा.